गाडीत पाणी येतंय? बिडिंग बदलण्याआधी हे बघा

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात गाडी चालवणाऱ्याने मृग लागायच्या आत एक काम उरकलेलं बरं, ते म्हणजे दरवाजे आणि काचांचं रबर तपासणं. वरंधा घाटाकडे किंवा केळद-मढे घाटाच्या बाजूला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. एरवी कोरडी राहणारी जीप, पिकअप किंवा ट्रॅव्हलर अशा पावसात आतून ओली होते. मॅट वरून सुकते, पण खालचा पत्रा ओलाच राहतो आणि गंज धरतो. बिडिंगचा खर्च परवडतो, फ्लोअरच्या पत्र्याचं वेल्डिंग नाही.

मात्र पाणी दिसलं की लगेच बिडिंग बदलायची घाई करू नये. काचेच्या खालच्या पट्टीतून थोडं पाणी दाराच्या पोकळीत उतरतंच, रचनाच तशी असते. ते बाहेर जायला दाराच्या खालच्या कडेला भोकं असतात. लावणीच्या दिवसांत ती चिखलाने बुजतात, पाणी दारात साठतं आणि आत झिरपतं. दार उघडझाप करताना आतून पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर दुखणं हेच. तारेने भोकं मोकळी करा, एक रुपया लागत नाही.

भोकं मोकळी असूनही पाणी येत असेल तर एकाने टॉर्च घेऊन गाडीत बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून साध्या पाइपने पाणी सोडावं. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं. आधीच टपावर पाणी ओतलं तर सगळीकडून ओघळ येतात आणि काही कळत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंपही नको, तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो. दुसरी तपासणी कागदाची. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे रबर दबलंय किंवा दार उतरलंय. दार उतरलं असेल तर आधी बिजागरी नीट करा, नाहीतर नवं रबरही त्याच जागी गळेल.

बदलायचंच ठरलं तर जुन्या रबराचा वीतभर तुकडा कापून दुकानात न्या. नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही, फुगीर भागाची जाडी आणि पत्र्यावर बसणारी खाच जुळली पाहिजे. लांबी दोरीने चौकटीभोवती मोजा आणि दोन-तीन सेंटिमीटर जास्तच घ्या.

खरी मेहनत रबर काढल्यावर आहे. चौकटीची कडा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने साफ करा, गंज असेल तिथे रेड ऑक्साइड लावा, वरून रंग द्या आणि पूर्ण वाळू द्या. घाईने गंजावरच रबर ठोकलं तर पुढच्या पावसाळ्यात कडाच सुटते. बसवताना रबर ताणू नका. ताणलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि जोड उघडा पडतो. कोपऱ्यात उलट थोडं जास्त दाबून भरा. जोड नेहमी खालच्या बाजूला ठेवा. आत पत्र्याची क्लिप असलेल्या बिडिंगला गोंद लागत नाही. सुरुवातीचे काही दिवस दार जड लागेल, म्हणून लगेच लॉक ढिलं करून घेऊ नका.

देखभाल सोपी आहे. साबणाच्या पाण्याने पुसा, वाळवा, सिलिकॉन स्प्रे किंवा थोडी टाल्कम पावडर लावा. ग्रीस, डिझेल, इंजिन ऑइल अजिबात नको. दाराचं रबर बहुतेक ईपीडीएम प्रकारचं असतं, तेलाने ते फुगून मऊ पडतं.

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आल्यापासून मुक्कामाच्या गाड्यांबद्दलही विचारणा होते. बाजूला सरकणारी खोली असलेली गाडी आपल्याकडे क्वचितच दिसते, पण तिच्या रबराला हेच नियम लागू. फक्त तिथे बाहेरच्या फुगीर रबराबरोबर वायपरसारखी पातळ पट्टीही असते. खोली आत घेण्याआधी तिच्या टपावरचा पाला आणि पाणी झाडून घ्यावं, नाहीतर कचरा पट्टीखाली अडकून ती फाटते.

मागच्या दाराचं रबर फाटलं असेल तर मात्र मृगाची वाट बघू नका. त्या फटीतून सायलेन्सरचा धूर आत ओढला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा ठरतो. घाटात काचा बंद करून चालणाऱ्या, मागे पोरं बसवलेल्या जीपमध्ये धोका जास्त. इंजिन आणि एसी चालू ठेवून गाडीत झोपणं तर रबर नवं असलं तरी टाळावं.