काडी, टाक आणि स्केचपेन

वाळलेल्या स्केचपेनात मागून दोन थेंब पाणी सोडलं की ते पुन्हा चालतं, हे आपल्याला आपल्या पोरांनीच शिकवलं. आत डोकावून पाहिलं का कधी? शाईची नळी नसते, रंग प्यायलेली धाग्यांची कांडी असते. टोकही दाबलेल्या धाग्यांचंच. दिव्याची वात तेल ओढते, तसं ते टोक रंग ओढतं. असं पाण्याच्या शाईचं पेन जपानमध्ये पेन्टेल कंपनीच्या युकिओ होरिए यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणलं.

पण ही युक्ती बायांना आधीच ठाऊक होती. बिहारमध्ये मिथिला नावाचा भाग आहे, मधुबनी तिथलंच. तिथल्या बाया बांबूच्या काडीला चिंधी किंवा कापूस गुंडाळायच्या, रंगात बुडवायच्या आणि भिंतीवर चित्र काढायच्या. त्या ‘काढायचं’ म्हणत नाहीत, ‘लिहायचं’ म्हणतात. लग्न झालेलं जोडपं ज्या खोलीत बसतं तिथे कमळ, बांबू, मासे लिहायचे, त्याला कोहबर म्हणतात. आईकडून लेकीला, सासूकडून सुनेला हे आलं. खाली सही कुणाचीच नसे. स्वतःच्या घराच्या भिंतीवर कोण सही करतं?

१९३४ च्या भूकंपात तिकडची घरं पडली, तेव्हा विल्यम आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला आतल्या भिंती दिसल्या आणि त्याने फोटो काढले. बाहेरच्या जगाला कळलं ते तेव्हा, पण बायांच्या हातात काही पडलं नाही. ते पडलं १९६६ च्या दुष्काळात. हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना कागद घेऊन तिकडे पाठवलं. जे भिंतीवर लिहिता ते कागदावर लिहा, आम्ही विकत घेतो, एवढाच व्यवहार. खडी फोडायला जाण्यापेक्षा हे बरंच होतं.

कागद आला आणि नाव आलं. भिंत विकता येत नाही, कागद विकता येतो, आणि विकत घेणारा विचारतो की हे कुणाचं? जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, जितवारपूरच्या सीता देवींना १९८१ मध्ये. गंगा देवींची गोष्ट मला फार लागते. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी बायको केली. या बाईने टाकाच्या बारीक निबेने, केसासारख्या रेषेत, आपलंच आयुष्य कागदावर मांडलं. अमेरिकेला जाऊन आल्यावर तिथलं जे पाहिलं तेही मांडलं. पुढे कॅन्सर झाला, तर दवाखान्याचीही चित्रं काढली.

सुरुवातीला ही चित्रं प्रामुख्याने ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या बायांची होती. दुलारी देवी मल्लाह, म्हणजे मच्छीमार समाजातल्या. रांटी गावात चित्रकार बायांच्या घरी धुणीभांडी करता करता त्या शिकल्या. २०२१ मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली.

आता आपल्याकडे या. तेच भास्कर कुलकर्णी पुढे डहाणूकडे वारल्यांच्या पाड्यांवर गेले. तिथेही लग्नाचा चौक सवाशिणीच लिहायच्या. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचल्यासारखं करायचं आणि मधोमध पालघट देवी लिहायची. धवलेरीने गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागत नसे. पण इथे कागद आला तेव्हा पुढे आले ते पुरुष. गंजाडचे जिव्या सोमा मशे थोर कलाकार, २०११ ची त्यांची पद्मश्री योग्यच. मात्र ज्यांच्या हातून चौक आला त्या बायांपैकी एकीचं तरी नाव सांगा बरं. मलाही पटकन सांगता येत नाही. मिथिलेत कागद बायांच्या हातात दिला गेला, हा फरक मला तरी लहान वाटत नाही.

म्हणून आपल्या गटातल्या मुली स्केचपेनने कापडी पिशव्यांसाठी आणि भेटकार्डांसाठी नमुने काढतात, तेव्हा मी दोन गोष्टी बघते. एक, स्केचपेनची साधी शाई उन्हात उडते आणि पाण्याने पसरते. कार्डावर ओला कुंचला फिरवून ती मुद्दाम पसरवली तर छान छटा येते, पण धुवायच्या पिशवीवर ती टिकायची नाही. तिथे कापडाचाच रंग घ्यावा. दुसरी, कार्डाच्या मागे गटाच्या शिक्क्याशेजारी काढणारीचं पूर्ण नाव असतं. व्यापारी म्हणतात, शिक्का पुरे. आम्ही दोन्ही घालतो.