लोकर कातरणी यंत्राचा हँडपीस कसा जोडावा?

बुलढाणा जिल्ह्यातले धनगर मेंढपाळ परंपरेने हातकातरीने लोकर कातरतात. विजेच्या यंत्राने काम लवकर उरकते; पण त्याचा हँडपीस चुकीचा जोडला, तर मेंढीच्या कातडीला जखम होते.

हँडपीसमध्ये खाली स्थिर फणी, तिच्यावर डावी-उजवीकडे सरकणारे पाते आणि त्यावरचा दाब कमी-जास्त करणारा नट असतो.

जोडणी : आधी प्लग काढा. नट सैल करून पाते आणि फणी काढा. अडकलेली लोकर व माती ब्रशने साफ करा. जोडताना फणीच्या दातांचा पुढचा उतार जिथे सुरू होतो, तिथून पात्याची टोके साधारण २ मिमी मागे ठेवा आणि फणीचे स्क्रू आवळा. दात पुढे राहिले, तरच कातडी पात्यापासून दूर राहते. मग तेल द्या.

नट : सैल राहिला तर लोकर फणी-पात्यात अडकून ओढली जाते. जास्त आवळला तर पाते तापून कातडी भाजते, धारही लवकर जाते. म्हणून हलक्या दाबाने सुरुवात करा, स्वच्छ कापू लागताच थांबा.

दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. तिच्यातल्या मातीने धार बोथटते. तेव्हा नट आवळत बसू नका. फणी आणि पाते, दोन्हींना धार लावून घ्या.