भरमार: बंदूक की नुसताच धाक?

मंडळी, मराठवाड्याच्या रझाकारी काळाबद्दल वाचताना एक शब्द सारखा भेटतो: भरमार. या बंदुकीने खरंच लढता यायचं का?

तेव्हा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता (१९९९ साली वेगळं झालेलं हिंगोलीही त्यातच). कासिम रझवीच्या रझाकारांपैकी थोड्यांकडेच आधुनिक रायफली होत्या. बाकीच्यांकडे तलवारी, भाले आणि भरमार.

भरमार म्हणजे तोंडाकडून भरायची, ठासणीची बंदूक. बऱ्याचशा गावठी, लोहाराने घडवलेल्या. नळीत आधी दारू (सोरा, कोळसा, गंधक, साधारण ७५:१५:१०), वर चिंधी, मग शिशाचे छर्रे, पुन्हा चिंधी. सगळं गजाने ठासायचं, टोपी बसवायची, मग घोडा ओढायचा. सरावलेल्या माणसालाही एका बाराला अर्धा मिनिट सहज लागतो. नळीला आतून पीळ नाही, म्हणजे पन्नास-साठ मीटरपुढे नेम नशिबावर. दारू दमट झाली की बार फुसका, आणि जास्त पडली तर कच्च्या सांध्याची नळी आपल्याच तोंडापाशी फुटणार! लष्कराची पॉइंट ३०३ बघा: दहा गोळ्यांचं मॅगझिन, तरबेज हातात मिनिटाला पंधरा बार.

१३ सप्टेंबर १९४८ ला, पावसाळ्यातच, भारतीय सैन्य रणगाडे घेऊन शिरलं. १७ तारखेला निजाम शरण आला. सैन्यापुढे भरमार म्हणजे काठीच.

मग निरुपयोगी? नाही, इथेच गोम आहे. टोळी पंधरा-वीस जणांची, भरमार दोन, आणि समोर निःशस्त्र गाव. पहिल्याच बाराला लोक पांगणार, पुढचं काम तलवारी करणार. पुन्हा ठासायची वेळच येत नाही. अशा भीतीनेच कुटुंबंच्या कुटुंबं घरं सोडून सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात गेली. आणि उलटही खरं: गढीच्या जाड भिंतीआड बसलेल्याला ठासायला वेळ मिळतो, त्याच्या हातात हीच बंदूक बऱ्यापैकी कामाची.

थोडक्यात, नुसती रेंज आणि रेट ऑफ फायर बघून उत्तर मिळत नाही. समोरच्याकडे काय आहे, तेही बघावं लागतं.

असो. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीला टेकलंय. घरी कुणी असेल तर एखाद्या रविवारी शेजारी बसून विचारा, आणि लिहून ठेवा.