‘चालतंय ना, मग झालं!’ : घरच्या घरी गॅस-विजेचं काम आणि कायद्यातला एक शब्द

एम.एस्सी.च्या सुट्टीत मी घरी वॉशिंग मशीनसाठी नवा प्लग पॉइंट बसवला. फिजिक्सचा विद्यार्थी, हातात टेस्टर. इलेक्ट्रिशियनला कशाला बोलवायचं? मशीन सुरू झालं, बाबांनी पाठ थोपटली. वर्षभराने एके दिवशी ओल्या हाताने मशीनला हात लावताना आईला झिणझिण्या आल्या. पॉइंट उघडला तर अर्थिंगची वायर जोडलेलीच नाही. जुन्या बोर्डात ती आलेली नव्हती आणि मी ‘नंतर बघू’ म्हणून सोडून दिलं होतं.

आईला काही झालं नाही. पण मला दोन प्रश्न पडले. मी केलं ते बेकायदेशीर होतं का? आणि वर्षभर सगळं नीट चालत होतं, तर मग चूक दिसली का नाही? पुढे माझ्या पीएचडीचा विषय या प्रश्नांच्या जवळच आला. आज त्यातलं ब्रिटनचं उदाहरण सांगतो, कारण तिथे नियम कसे बदलत गेले ते टप्प्याटप्प्याने दिसतं.

एक पितळी नट

16 मे 1968. पूर्व लंडनमधल्या न्यूहॅम भागातली रोनन पॉइंट ही 22 मजली इमारत. लोक राहायला येऊन दोनेक महिनेच झाले होते. पहाटे पावणेसहाच्या सुमारास 18 व्या मजल्यावरच्या एका बाईंनी चहासाठी शेगडी पेटवायला काडी ओढली आणि स्फोट झाला. बाहेरच्या भिंती ढकलल्या गेल्या. वरचे मजले त्याच भिंतींवर टेकलेले होते. ते कोसळले आणि त्यांच्या आघाताने खालचेही गेले. इमारतीचा अख्खा कोपरा उतरला. 4 जण गेले, 17 जखमी झाले. काडी ओढणाऱ्या बाई मात्र वाचल्या. गेलेल्यांपैकी कोणीही त्या घरातलं नव्हतं.

चौकशी समितीचे अध्यक्ष ह्यू ग्रिफिथ्स हे वकील होते, तर आल्फ्रेड पग्जली आणि ओवेन सॉन्डर्स हे दोघे अभियांत्रिकीतले प्राध्यापक. शेगडी आणि गॅसची नळी जोडणारा पितळी नट तुटलेला सापडला. पण तो स्फोटामुळे तुटला, की तो तुटला म्हणून स्फोट झाला? संशोधनात कारण आणि परिणाम वेगळे कसे करायचे, याचा हा नमुनाच आहे. तशाच नटावर चाचण्या झाल्या. तो ओढून तोडायला लागणाऱ्या जोरापेक्षा कितीतरी कमी जोरात नळीच तुटली असती. म्हणजे नट आधीच कमजोर झालेला होता. त्याची कड ठरलेल्या मापापेक्षा पातळ होती, आणि बसवताना तो जास्त आवळला गेला असावा, असा निष्कर्ष निघाला.

शेगडी जोडून दिली होती ओळखीच्या माणसाने. त्या काळी अशा कामासाठी नोंदणीची सक्ती नव्हती. आणि जोडल्यावर शेगडी पेटत होती, अन्न शिजत होतं. म्हणजे ‘चालतंय ना, मग झालं!’

नोंदणी आणि ‘सक्षम’ माणूस

या दुर्घटनेनंतर 1970 मध्ये गॅस फिटरांची नोंदणी करणारी ‘कॉर्गी’ ही संस्था आली. सुरुवातीला नोंदणी ऐच्छिक होती. 1991 मध्ये व्यवसाय म्हणून काम करणाऱ्यांना ती सक्तीची झाली. 2009 पासून कॉर्गीच्या जागी ‘गॅस सेफ रजिस्टर’ आहे.

आता गंमत बघा. ‘ब्रिटनमध्ये स्वतःच्या घरातलं गॅसचं काम स्वतः करणं गुन्हा आहे’ असं सर्रास ऐकायला मिळतं. मीही माझ्या पहिल्या मसुद्यात तसंच लिहिलं होतं. मग 1998 च्या नियमावलीतला तिसरा नियम मुळातून वाचला. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सक्षम असल्याशिवाय कोणीही गॅस जोडणीचं काम करू नये, हे सगळ्यांसाठी. नोंदणी मात्र धंदा किंवा नोकरी म्हणून काम करणाऱ्यांसाठी. घरमालकाने स्वतःच्या घरात काम केलं तर निव्वळ तेवढ्याने गुन्हा होत नाही. तो सक्षम नसेल तर होतो. आता ‘सक्षम’ म्हणजे कोण, हे सिद्ध करायची वेळ बहुधा अपघातानंतरच येते. म्हणूनच तिथली सुरक्षा यंत्रणा नोंदणीकृत माणसालाच बोलवा असं सांगते.

विजेचं गणित वेगळं

विजेसाठी इंग्लंड-वेल्समध्ये 1 जानेवारी 2005 पासून बांधकाम नियमांचा ‘पार्ट पी’ लागू झाला. इथे घरमालक काम करू शकतो, पण ठरावीक कामं स्थानिक बांधकाम विभागाला कळवून तपासून घ्यावी लागतात. इंग्लंडमध्ये 2013 मध्ये ही यादी आटोपशीर झाली: नवं सर्किट, मुख्य फ्यूजबोर्ड बदलणं, न्हाणीघरातल्या शॉवर-टबजवळचं काम. गॅसच्या नियमात भर ‘कोण करतंय’ यावर आहे, तर इथे ‘कोणतं काम आणि तपासलं कोणी’ यावर.

आपल्याकडेही अशी रेघ होतीच. भारतीय विद्युत नियम 1956 मधला नियम 45 सांगत होता की दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला हरकत नाही, पण जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलणार असेल तर राज्य सरकारचा परवाना असलेला ठेकेदार हवा. 2010 च्या केंद्रीय नियमावलीतही हेच सूत्र होतं. जुना स्विच बदलणं वेगळं आणि मी बसवला तसा नवा पॉइंट वेगळा. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं, आणि ते मला आवडणारं नव्हतं.

संशोधनाला बसताना

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फिजिक्समध्ये आहे. अर्थिंग नसलं तरी मोटर फिरते. सैल जोडातूनही दिवा लागतो, फक्त तिथला रोध वाढतो आणि जोड तापत राहतो. पातळ कडेचा नटही काही दिवस गॅस धरून ठेवतो. उपकरण चालणं ही सुरक्षिततेची चाचणी नाहीच. माझ्या वाचनात ‘सक्षम’ या शब्दाचा खरा अर्थ हाच आहे: काम सुरू झाल्यावर अजून काय तपासायचं राहिलंय, हे ज्याला माहीत आहे तो.

तुमच्यापैकी जे नियमांच्या इतिहासावर काम करणार आहेत त्यांनी तीन प्रश्न वेगळे ठेवा. कायदा नेमकं कोणाला काय सांगतो? ते काम कशामुळे धोकादायक ठरतं? आणि चुकलं तर किंमत कोण मोजतं? लोक पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देतात आणि तिसरा विसरतात. ‘माझं घर आहे, माझी जबाबदारी’ हे वाक्य मला पूर्वी पटायचं. रोनन पॉइंटच्या 18 व्या मजल्याचा अहवाल वाचल्यापासून पटत नाही.

आमच्या घरी मग परवानाधारक इलेक्ट्रिशियन आला. त्याने आधी मीटर काढून अर्थिंग मोजलं. मशीन चालतं का, हे त्याने शेवटी बघितलं.