माजघरातील उजेड

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौसर मागे पडले की सातपुड्याच्या पायथ्याशी, कन्हान नदीच्या खोऱ्यात रामाकोना हे गाव लागते. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, तेव्हा सौसर तालुक्याबरोबर हे गावही त्यात आले. राज्य मध्यप्रदेशचे असले, तरी या मुलखात मराठी ही घरातली भाषा आहे. येथील जुनी घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली असतात. भिंती जाड मातीच्या, वर कवेलूचे छप्पर, खिडक्या लहान. भर दुपारी ओसरी लख्ख असते. पण दोन पावले आत टाकली की माजघरात गारवा आणि अंधार एकदमच भेटतात. ही रचना माणसाला सुखाची, परंतु छायाचित्रकाराला अडचणीची. डोळा अंधाराला सरावतो. काचेवरील रसायनाला ते साधत नसे. म्हणूनच माणसाचे चित्र त्याच्या घरातच काढण्याचा इतिहास हा वस्तुतः उजेड घरात नेण्याचा इतिहास आहे.

छायाचित्रणाची विद्या १८३९ साली जगापुढे आली. मुंबईस १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या कलेचा वर्ग निघाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेतील आपल्याकडील आद्य पुरुष होत. परंतु त्या काळी एकच दिवा उपलब्ध होता, आणि तो म्हणजे सूर्य. चित्रशाळेचे छप्पर काचेचे करावे, उजेड एका बाजूने घ्यावा आणि समोरच्या माणसाने निश्चल बसावे, अशी रीत होती.

या रीतीत एक अन्याय दडलेला होता. ज्याला चित्रशाळेपर्यंत जाता येई, त्याचेच चित्र निघे. अंथरुणाला खिळलेला वृद्ध, बाळंतीण, पडद्यातील स्त्री यांना त्यात जागा नव्हती. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेस स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडला, तो हीच उणीव ओळखून. तथापि तेथेही यावे लागे ते स्त्रीलाच. रामाकोन्यासारख्या गावाहून नागपूर गाठावयाचे, तर नॅरोगेजची सावकाश चालणारी गाडी हा एक मार्ग होता. ती गाडी २०१५ साली बंद झाली. जुन्या घरांच्या भिंतींवर कर्त्या पुरुषाचे चित्र आढळते आणि त्याच्या आईचे आढळत नाही, याची कारणे अनेक असतील. उजेड हे त्यांतील एक होय.

घरात उजेड नेण्याचे पहिले साधन मॅग्नेशियमचे. १८६४ साली मँचेस्टरच्या आल्फ्रेड ब्रदर्स याने या धातूच्या जळत्या उजेडात माणसाचे चित्र घेतले. १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत इतर द्रव्ये मिसळून क्षणात भडकणारी पूड तयार केली. ती घेऊन जेकब रीस हा पत्रकार न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्यांत शिरला. त्याच्या चित्रांनी तेथील घरांच्या दुरवस्थेकडे लोकांचे लक्ष वेधले. पण या पुडीपायी आपण दोनदा घराला व एकदा स्वतःला आग लावली, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. १९२९ साली जर्मनीत प्राणवायू आणि ॲल्युमिनियमचा वर्ख भरलेला काचेचा बल्ब विक्रीस आला. धूर व आगीचे भय गेले. मात्र प्रत्येक चित्रास नवा बल्ब लागे. पुढे १९३१ च्या सुमारास अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी साठविलेली वीज वायूने भरलेल्या नळीतून एका क्षणात सोडण्याची युक्ती सिद्ध केली. खिशात मावणारा आजचा फ्लॅश हा तिचाच वंशज आहे.

उजेड अशा रीतीने घरात आला. परंतु तो बसविला गेला कॅमेऱ्याच्या डोक्यावर. त्यामुळे चेहरा सपाट दिसे, मागील भिंतीवर काळी सावली पडे आणि माणूस दचकल्यासारखा भासे. रामाकोन्याच्या ओसरीत बसलेल्या आजीकडे पाहिले, तर तिच्यावर उजेड एका बाजूने येतो. कपाळ व गाल उजळतात, दुसरी बाजू हळूहळू सावलीत जाते आणि त्या सावलीतच सुरकुत्यांना आकार येतो. समोरून फेकलेला उजेड नेमकी हीच सावली पुसून टाकतो.

उपाय सोपा आहे. फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा करून बाजूला, डोळ्यांच्या किंचित वर ठेवावा. पूर्वी त्यास तार लागे. आता रेडिओचा संकेत पुरतो. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या एका दैनिकाचे छायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांनी २००६ पासून ही पद्धत हौशी लोकांना शिकविली आणि ती जगभर पसरली.

त्यामागील नियम मात्र जुनेच आहेत. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो. ज्या फ्लॅशचा मार्गदर्शक अंक मीटरच्या हिशेबात ३२ आहे, तो ४ मीटरवर असताना भिंगाचे छिद्र ८ क्रमांकावर ठेवावे लागते. तो २ मीटरवर आणला, की १६ वर. दुसरा नियम असा की, लहान दिव्याची सावली कठोर आणि मोठ्या दिव्याची मृदू असते. म्हणून फ्लॅशचे तोंड चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीकडे वळवावे. मग ती सबंध भिंतच दिवा होते. निळ्या रंगाची भिंत असल्यास चेहराही निळसर येतो. तेथे मध्ये पांढरी चादर बांधावी. धुतलेले पांढरे धोतरही हे काम चोख बजावते. खोलीतला पिवळा बल्ब शक्यतो मालवावा. दोन रंगांच्या उजेडांत चेहऱ्याचा मूळ वर्ण हरवतो.

एवढ्याने सारे साधते असे नाही. आजीला सवय होईपर्यंत थांबावे लागते, पहिला लखलखाट होण्यापूर्वी तिला सांगावे लागते, आणि ती नको म्हणाली तर यंत्र मिटावे लागते. शंभराहून अधिक वर्षे चित्रासाठी माणसाने उजेडाकडे जावे, असा दंडक होता. आता उजेडच माणसाकडे जाऊ शकतो; चुलीजवळ, बाजेजवळ, जात्याजवळ, जिथे ते माणूस आयुष्यभर वावरले तिथे. भिंतीवरील रिकामी जागा भरून काढण्यास ज्या घरात अजून अवधी आहे, त्या घराने तो दवडू नये.