लोहाचे रंग : भिंतीवर, गोळीवर आणि ताटात

गोव्यातील जुन्या मंदिरांच्या भिंतींवरील कावी चित्रांचा तांबूस रंग जांभ्या मातीतील लोहाचा असतो. लाल कोब्याच्या जमिनीला आणि औषधी गोळ्यांच्या अनेक गुलाबी वा पिवळ्या आवरणांनाही लोहाच्याच ऑक्साइडांचा रंग दिलेला असतो. लोह रक्तवर्धक, म्हणून त्याचा रंगही हितकर, असे मात्र म्हणता येत नाही. लोह कोणत्या संयुगात आहे, ते किती शुद्ध आहे आणि कोणत्या मार्गाने शरीरात जाते, यावर त्याचा परिणाम ठरतो.

खाद्यरंग : पिवळी, लाल व काळी लोह ऑक्साइडे १७२ या क्रमांकाने ओळखली जातात. ती पाण्यात विरघळत नाहीत. त्यामुळे बहुतांश भाग न शोषला जाताच शरीराबाहेर पडतो. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९७९ साली त्यांची दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.५ मिलिग्रॅम ठरवली; म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस ३० मिलिग्रॅम. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मात्र २०१५ साली, उपलब्ध माहिती पुरेशा मूल्यमापनास अपुरी असल्याचे म्हटले.

विरघळणारे क्षार : डबाबंद काळ्या ऑलिव्हचा रंग टिकवण्यासाठी फेरस ग्लुकोनेट वापरतात. फळातील पॉलिफेनॉलांशी लोहाचा संयोग होऊन काळा रंग येतो. हिरडा व हिराकस यांची जुनी शाई याच क्रियेने बनते. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तोही याच कारणाने. फेरस ग्लुकोनेट शरीरात शोषले जाते, म्हणूनच ते रक्तक्षयावरील औषधांतही असते.

प्रशियन ब्लू : हा निळा रंग अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तयार झाला. त्यात सायनाइड असते, पण लोहाने घट्ट बांधलेले असल्याने ते सहसा मोकळे होत नाही. आतड्यातील थॅलियम व सीझियम हा रंग धरून ठेवतो. ब्राझीलमधील गोयानिया येथे १९८७ साली किरणोत्सारी सीझियमची बाधा झालेल्यांना तो औषध म्हणून देण्यात आला होता.

धुळीचा धोका : पोटातून निघून जाणारे लोह ऑक्साइड फुप्फुसात मात्र साचते. रंगद्रव्य दळणाऱ्या किंवा वेल्डिंग करणाऱ्या कामगारांना त्यातून ‘सिडेरोसिस’ होतो. क्ष-किरण चित्रात ठिपके दिसतात, तरी त्रास बहुधा कमी असतो. धुळीत सिलिका मिसळलेली असेल, तर सिलिकोसिससारखा गंभीर आजार संभवतो. म्हणून अशा कामात योग्य मुखपट्टी आणि धूळ ओढून घेणारी यंत्रणा आवश्यक ठरते.

काव खाण्याजोगी नव्हे : खाद्य प्रतीच्या लोह ऑक्साइडात शिसे किलोमागे १० मिलिग्रॅम आणि आर्सेनिक ३ मिलिग्रॅम याहून अधिक चालत नाही. बाजारातील गेरू, काव किंवा जमिनीचा लाल रंग या कसोटीवर तपासलेला नसतो. काही गर्भवतींना व मुलांना माती खाण्याची ओढ लागते. ती अनेकदा रक्तक्षयाची खूण असते. त्यांना गेरूतून उपयोगी पडेल इतके लोह मिळत नाही, शिशाचा धोका मात्र राहतो. अशा वेळी रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाची गोळी घेणे, हाच योग्य उपाय होय.