चापिंगोचे वर्धेकर मास्तर

अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा स्पॅनिशचा वर्ग आहे. येणारी मुलं अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरची. कुणाला ऐरोलीच्या कंपनीत भाषेचा जादा पगार हवा असतो, कुणाला बार्सिलोनाला एमबीए करायचं असतं. पालक फी भरायला येतात तेव्हा त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, तिकडे आपल्यातलं कोणी गेलंय का आधी?" अमेरिकेत, जर्मनीत शेजारच्या विंगमधलं कोणीतरी असतंच. स्पेन किंवा मेक्सिको म्हटलं की आई-वडील एकमेकांकडे बघतात.

माझ्याकडे याची दोन उत्तरं आहेत. एक जवळचं, उल्हासनगरचं. दुसरं लांबचं, वर्ध्याचं.

उल्हासनगरचं आधी सांगते. सिंधमधल्या हैदराबादचे व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेशीम आणि शोभेच्या वस्तू घेऊन बोटींच्या मार्गाने पसरले. सुवेझ, माल्टा, जिब्राल्टर, कॅनरी बेटं आणि पुढे पनामा. कॅनरी बेटांची बंदरं 1852 पासून जकातमुक्त होती, आणि जकात नसलेलं बंदर व्यापाऱ्याला लगेच कळतं. पेढ्यांवर कराराने कामाला गेलेली पोरं गल्ल्याशी उभी राहून स्पॅनिश शिकली. त्यांची परीक्षा घेणारं गिऱ्हाईकच होतं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याण कॅम्पात आली, 1949 मध्ये त्या कॅम्पाचं उल्हासनगर झालं, पण बेटांवरची आणि पनामातली दुकानं चालूच राहिली. माझ्या वर्गात कॅम्प तीनचा एक मुलगा होता. त्याचे काका लास पाल्मासला. व्याकरणात तो कायम मागे, पण भाव करायची स्पॅनिश घरातूनच घेऊन आलेला.

ही झाली धंद्याची वाट. विद्येच्या वाटेवर सगळ्यात आधी जे मराठी नाव मला दिसतं ते पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचं. माझा बाकीचा लेख त्यांच्यावर आहे.

खानखोजे वर्ध्याचे, जन्म 1880च्या दशकातला. शाळा वर्धा आणि नागपूरची. टिळकांच्या राजकारणाने भारलेल्या त्या पिढीतल्या अनेकांना वाटे, तसंच त्यांनाही वाटलं, की परदेशात जाऊन लष्करी शिक्षण घ्यावं आणि परत येऊन इंग्रजांशी लढावं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले. कॅलिफोर्नियातल्या एका सैनिकी शाळेत शिकले आणि ओरेगन व वॉशिंग्टन राज्यांतल्या कॉलेजांत शेतीशास्त्र. बंदूक आणि बियाणं ही दोन्ही शिक्षणं एकाच माणसाने एकाच वेळी घेतली, हे त्यांचं वेगळेपण मला पहिल्यापासून आकर्षित करत आलं आहे.

1913 मध्ये त्या किनाऱ्यावर गदर चळवळ उभी राहिली. लाला हरदयाळ, सोहनसिंग भाकना, कर्तारसिंग सराभा ही नावं आपल्याला शाळेत भेटतात. तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे त्यांतलाच. अमेरिकेत शिकायला गेलेला, आणि नोव्हेंबर 1915 मध्ये लाहोरच्या तुरुंगात सराभासोबत फाशी गेलेला. खानखोजे या चळवळीच्या लष्करी बाजूचे. पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले, पकडले गेले, निसटले. पुढे बर्लिन, आणि 1921 मध्ये मॉस्को. हिंदुस्थानात परतायची सोय नव्हती, कारण इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव होतं. 1924 मध्ये ते मेक्सिकोत उतरले तेव्हा वय चाळिशीच्या आसपास, हातात अमेरिकन पदवी, आणि शिकवायचं होतं ते स्पॅनिशमध्ये.

मेक्सिकोच का? तिथे त्यांना ओळखणारी माणसं होती. रामोन दे नेग्री हे मेक्सिकोचे मुत्सद्दी क्रांतिकारकांचे मित्र होते आणि पुढे शेतीमंत्री झाले. पण ओळखीने दार उघडतं, माणूस टिकतो तो कामाने. काम तिथे ढीगभर होतं. 1910 पासून दहा वर्षं चाललेल्या क्रांतीतून देश नुकताच बाहेर आला होता. 1917च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदाऱ्या फोडून जमीन गावांना परत द्यायचं वचन दिलं होतं. जमीन मिळाली तरी ती पिकवायची कशी, बी कुठलं निवडायचं, हे सांगणारा माणूस गावात नव्हता.

राष्ट्रीय कृषी विद्यालय 1854 मध्ये राजधानीजवळ सुरू झालं होतं. क्रांतीनंतर ते शहराच्या पूर्वेला तेस्कोकोजवळ चापिंगोला हलवलं, एका माजी राष्ट्राध्यक्षाच्या हवेलीत. जमीनदाराच्या वाड्यात शेतकऱ्यांच्या पोरांची शाळा भरू लागली. तिथलं ब्रीदवाक्यही त्याच मताचं आहे: जमिनीतून घ्यायला इथे शिकवतात, माणसाला पिळायला नाही. खानखोजे या विद्यालयात वनस्पतिशास्त्र आणि पीकसुधार शिकवू लागले.

मी मेक्सिको सिटीत शिकले ते यानंतर कितीतरी वर्षांनी, शिष्यवृत्तीवर. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना भाषा शिकवणारा विभाग 1921 पासून आहे, म्हणजे खानखोजे उतरण्याच्याही आधीपासून. माझे वडील विमकोत होते. काडेपेटीच्या त्या कारखान्यामुळे अंबरनाथला परदेश म्हणजे स्वीडन एवढंच माहीत, मेक्सिको म्हटल्यावर आजीने "तिथे खायचं काय?" एवढंच विचारलं. त्याचं उत्तर पहिल्याच आठवड्यात मिळालं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून, तव्यावर भाजलेली तोर्तिया. तुल्येवाल्को नावाच्या गावात राजगिऱ्याची चिक्की मिळाली, अगदी आपल्या एकादशीसारखी. तिथे तिला आलेग्रीया म्हणतात. आपल्या उपासाच्या ताटातला राजगिरा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, हिरवी मिरची आणि साबुदाण्याचा कंद, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. आजीला पत्रात हे लिहिलं तर तिने उलट कळवलं, देवाला चालतंय ना, मग झालं.

वर्गात प्रत्येकाने आपल्या गावाच्या जुन्या वास्तूवर बोलायचं होतं. मी वालधुनीकाठचं आमचं शिवमंदिर निवडलं. शिलाहारांच्या काळातलं, शके 982 म्हणजे इसवी सन 1060चं. मास्तरीणबाईंनी फळ्यावर दोन आकडे लिहिले: 1060 आणि 1325. दुसरा आकडा अस्तेकांची राजधानी वसल्याचा. आमचं मंदिर त्या शहरापेक्षा अडीचशे वर्षांहून जुनं निघाल्यावर वर्गात माझा भाव वाढला. मग बाईंनी विचारलं, "महाराष्ट्राची ना तू? मग चापिंगोला कधी जातेस?" वीणा गवाणकरांचं खानखोजेंवरचं पुस्तक मी कॉलेजात वाचलं होतं. पण मेक्सिकन बाईच्या तोंडून महाराष्ट्र आणि चापिंगो एका दमात ऐकणं वेगळं.

चापिंगोच्या प्रार्थनागृहात दिएगो रिव्हेराची भित्तिचित्रं आहेत, 1920च्या दशकातली. भिंती आणि छत सगळं माखलेलं. माती, बी, अंकुर, शेतमजूर. मेक्सिकोतली ही चित्रं शोभेसाठी सुरू झाली नव्हती. बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हतं, तेव्हा सरकारने चित्रकारांना सार्वजनिक भिंती दिल्या आणि इतिहास रंगवायला सांगितला. त्या देशाला ही सवय पुढेही राहिली. 1969 मध्ये राजधानीत मेट्रो सुरू झाली तेव्हा प्रत्येक स्टेशनला नावाबरोबर एक चित्र दिलं: कुठे टोळ, कुठे कारंजं, कुठे घंटा. माझी घरमालकीण कामवालीला पत्ता सांगताना चित्रच सांगायची.

खानखोजेंचं काम मी याच रांगेत ठेवते. वाचता न येणाऱ्याला शिकवायचं कसं, या प्रश्नाला रिव्हेराने भिंत हे उत्तर दिलं, खानखोजेंनी बांध. विद्यालयाच्या कुंपणात बसून गावं सुधारणार नाहीत हे ओळखून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुक्त कृषी शाळा काढल्या. प्रवेशपरीक्षा नाही, पदवी नाही. शेतकरी जिथे असेल तिथे शाळा: बी कसं निवडावं, खत कसं करावं, पाणी कसं राखावं. ओकोपुल्को गावच्या शाळेला एमिलियानो सापाताचं नाव दिलं होतं. जमिनीसाठी लढलेला आणि 1919 मध्ये मारला गेलेला हा शेतकऱ्यांचा पुढारी. त्या शाळेच्या उद्घाटनाचे 1928चे फोटो तिना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकार बाईंनी काढले. आज ते कलासंग्रहालयांत आहेत.

त्यांचा अभ्यासाचा विषय मका. मक्याची जन्मभूमीच मेक्सिको. त्याचा रानटी पूर्वज तेओसिंते तिथल्या शेतांच्या कडेला अजून उगवतो. खानखोजेंनी या रानटी गवताचा आणि मक्याचा संकर करून पाहिला, दुष्काळात तगणाऱ्या जाती शोधल्या. मक्याच्या नव्या वाणांवरची त्यांची स्पॅनिश पुस्तिका 1930 मध्ये निघाली आणि तिचं मुखपृष्ठ रिव्हेराने केलं. शेतीखात्याच्या पुस्तिकेला देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या चित्रकाराचं मुखपृष्ठ! आपल्याकडे कृषी खात्याच्या घडीपत्रिका पाहिलेल्या कुणालाही याची किंमत सांगावी लागणार नाही.

रिव्हेराशी त्यांची मैत्री आणखी एका भिंतीवर आहे. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयात 1928चं एक चित्र आहे: टेबलाभोवती वेगवेगळ्या वर्णांची मुलंमाणसं, मागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली बाई, आणि मधोमध भाकर मोडणारा माणूस. तो चेहरा खानखोजेंचा असं मानतात. मी त्या चित्रासमोर उभी होते तेव्हा शाळेची एक सहल आली होती. गाईडने मुलांना सांगितलं, हा हिंदू प्राध्यापक मका शिकवायचा. मेक्सिकोत जुनी माणसं भारतीयाला सरसकट हिंदू म्हणतात. ते सोडून देऊ. प्राध्यापक आणि मका एवढं त्या पोरांच्या लक्षात राहिलं असेल तरी पुष्कळ.

1936 मध्ये त्यांनी जेन सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. मुलगी सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. स्वातंत्र्य मिळाल्यावर 1949 मध्ये मध्य प्रांताच्या सरकारने त्यांना शेतीच्या सल्ल्यासाठी बोलावलं. देश स्वतंत्र झाला तरी काळी यादी तशीच होती, त्यामुळे मायदेशी उतरतानाच अडवणूक झाली. 1950च्या दशकात ते कायमचे नागपूरला आले आणि 1967 मध्ये तिथेच वारले. त्याच्या आदल्याच वर्षी, 1966 मध्ये, भारताने मेक्सिकोतून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणलं. ते नॉर्मन बोरलॉग यांच्या कामातून आलेले बुटके वाण होते, आणि त्याचं श्रेय खानखोजेंना जोडणं चुकीचं ठरेल. पण मेक्सिकोच्या मातीतलं संशोधन आपल्या ताटात येऊ शकतं हे ज्या माणसाला सगळ्यात आधी कळलं असतं, तो त्या वेळी नागपुरात होता, आणि त्याला विचारणारे थोडे होते.

सप्टेंबर 2022 मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी चापिंगोच्या विद्यापीठात खानखोजेंच्या पुतळ्याचं अनावरण केलं. चांगलं झालं. पण पुतळा तिथल्या लोकांसाठी आहे, आणि त्यांना तो नसता तरी चाललं असतं. त्यांच्याकडे चित्र आहे, विद्यालय आहे. गरज आपल्याला आहे.

परदेशी शिक्षणाचा आपला हिशेब पदवी, पगार आणि व्हिसा या तीन रकान्यांत संपतो. माझ्या वर्गातल्या मुलांना मी त्यासाठी दोष देत नाही. कर्ज काढून जाणाऱ्याला हा हिशेब करावाच लागतो. पण खानखोजेंच्या आयुष्यात मला चौथा रकाना दिसतो: ज्या देशात गेलो त्या देशाच्या उपयोगी पडलो का? चाळिशीत नवी भाषा उचलून तिथल्या शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहिलेल्या माणसाला तिथल्या लोकांनी भिंतीवर जागा दिली, ती या रकान्यामुळे.

म्हणून एक विनंती. अकोल्याच्या, राहुरीच्या, परभणीच्या आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांनी खानखोजेंच्या स्पॅनिश पुस्तिका मिळवाव्यात आणि त्या मराठीत आणाव्यात. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांतून आणि आमच्यासारख्या खासगी वर्गांतून स्पॅनिश येणारी शेकडो मुलं-मुली महाराष्ट्रात आहेत. पानं वाटून घेतली तर एका सुटीत काम होईल. माझ्या वर्गाची पानं मी आजच मागून ठेवते.